मागच्या कॅमेऱ्यातली म्हैस

संपत भोईटेच्या पिकअपला जोडलेली ट्रॉली निमखिंडीच्या चढावर म्हशीसकट सुटून मागे राहिली. पण गाडीच्या मागच्या कॅमेऱ्यात ती दिसत होती, त्यामुळे ती सुटलेली नव्हती.

म्हैस अनुसयाबाई घुल्यांची. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदणी. व्याल्याला तीन आठवडे झाले होते आणि मागच्या पायाच्या खुरात जखम चिघळली होती, म्हणून बाईंनी सकाळी सहाला धार काढली आणि तिला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पट्टी बांधून दुपारी परतीची वाट धरली. बाईंना एकच घोर होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला धार निघाली नाही तर कास सुजणार आणि एखादं थान कायमचं जाणार. चांदणी अनुसयाबाईंखेरीज कोणाच्याही हाताला पान्हा सोडत नसे. घरी रेडकूही उपाशी होतं.

संपतबद्दल सांगायचं तर गाव त्याला हुशार समजत असे. गावाची समज कशी होती ते पुढे येईलच. त्याने गाडीला कॅमेरा बसवून घेतला होता. असा कॅमेरा एरवी गाडी मागे घेताना लागतो. संपतने वायर फिरवून तो कायमचा चालू ठेवला होता. मग आरशांचं काय काम, म्हणून दोन्ही आरसे उतरवून घरी दाढीला लावले. तो पुढच्या काचेतून कमी आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात जास्त बघून गाडी चालवायचा. ट्रॉली जोडल्यावर हुकाची पिन बसली की नाही हे खाली उतरून, वाकून, हाताने चाचपून बघायचं असतं. संपतने ते पडद्यात बघितलं. पडद्यात पिन बसलेली होती.

खिंडीच्या अर्ध्या चढावर गाडीला एक हिसका बसला आणि इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला.

"संपत, आरं गाडी हलकी झाली बघ," शेजारी बसलेल्या अनुसयाबाई म्हणाल्या.

"इंजिनच तसं हाय, मावशी. चढाला जोर धरतंय."

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघितलं. मागे डांबरी रस्ता होता आणि त्यावर काहीही नव्हतं.

"ट्रॉली न्हाई मागं!"

संपतने पडद्यावर बोट ठेवलं. पडद्यात ट्रॉली होती. ट्रॉलीत चांदणी उभी होती, रवंथ करत होती, शेपटीने माश्या वारत होती. पायाची पट्टीसुद्धा दिसत होती. रस्ता मागे सरकत होता, झाडं मागे सरकत होती, म्हणजे चित्र अडकलंय असं म्हणायलाही जागा नव्हती.

"मग ही कोण? खिडकीतनं बघून काय कळतंय व्हय मावशी? उगं मान अवघडंल."

अनुसयाबाईंनी पुन्हा बाहेर बघितलं, पुन्हा पडद्यात बघितलं. बाहेर म्हैस नव्हती, आत होती. "गाडी थांबीव," त्या म्हणाल्या. चढावर जनावर मागे असताना गाडी थांबवणं धोक्याचं असतं, असं संपतने त्यांना समजावून सांगितलं आणि दुसरा गिअर टाकला.

खिंडीपलीकडच्या नाक्यावर हवालदाराने गाडी अडवली. तो मागे गेला, बघून पुढे आला आणि संपतच्या खिडकीतून पडद्यात डोकावला.

"ट्रॉलीला लाल फडकं कुठाय?"

"साहेब, ट्रॉलीच न्हाई वो!" बाई म्हणाल्या. "तुमी आत्ता मागं जाऊन आला की."

"मागं जाऊन मला काय दिसलं ते महत्त्वाचं नाही, बाई. उद्या काही झालं तर पुरावा कॅमेऱ्याचाच धरतात."

संपतने गळ्यातला रुमाल सोडून त्याच्या हातात दिला. हवालदाराने पडद्यात बघून अंदाज घेतला, पिकअपमागे आठ फुटांवर जाऊन रुमाल हवेत बांधला आणि सोडला. तो रस्त्यावर पडला. तेवढ्यात एक स्कूटरवाला पिकअपच्या अगदी मागून रस्ता ओलांडून गेला. हवालदाराने शिट्टी मारून त्याला थांबवलं आणि म्हशीच्या अंगावरून गाडी नेल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं. स्कूटरवाल्याने पडद्यात बघितलं, ओशाळला आणि चांदणीला हात जोडून गेला. इतकी शहाणी माणसं एकाच नाक्यावर सापडायला नशीब लागतं.

साडेतीनला गाडी गावात पोचली. संपतने ती अनुसयाबाईंच्या अंगणात मागे घ्यायला सुरुवात केली. पडद्यात अंतर दाखवणाऱ्या हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा होत्या आणि ट्रॉलीचं चाक गोठ्याच्या भिंतीला घासणार असं दिसत होतं. त्यामुळे संपतने गाडी सात वेळा पुढे-मागे केली. शेजारीपाजारी जमले. सगळे केबिनमध्ये डोकी घालून पडद्यात बघत ओरडत होते, "यू दे, यू दे, आता डावीकडं मार!" नसलेल्या ट्रॉलीला ओरखडा पडू नये म्हणून संपतने असलेली वैरणीची गंजी पाडली आणि पाण्याचं पिंप फोडलं. शेवटी गोठ्यापासून बरोबर एका ट्रॉलीच्या अंतरावर गाडी थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"उतरवून घ्या मावशी तुमची म्हस," संपत म्हणाला.

अनुसयाबाईंनी फुटलेल्या पिंपाकडे बघितलं. त्यांना रडू येत नव्हतं, शिव्या येत होत्या आणि त्या त्यांनी दिल्याही. मग त्या ग्रामसेवकाकडे गेल्या.

ग्रामसेवक बेंद्रे भाऊसाहेब स्वतः चालत आले. उठता-बसता कागदावर जगलेला माणूस. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि पडद्यातल्या चांदणीच्या कानातला पिवळा बिल्ला वाचला. बारा आकडे होते. त्यांनी ते बाईंजवळच्या दवाखान्याच्या कागदाशी ताडून बघितले.

"म्हैस पोचली आहे," ते म्हणाले. "आपली तक्रार नेमकी काय?"

"भाऊसाहेब, धार कशाची काढू? काचंची?"

"धार काढणे हा आपला खाजगी विषय आहे."

इतक्यात खिंडीखालच्या वस्तीवरून फोन आला. बाभळीच्या झुडपात एक ट्रॉली दांडा रुतवून उभी होती. आत काळी म्हैस, कपाळावर ठिपका, मागच्या पायाला पट्टी, आणि हंबरून हंबरून तिने वस्ती डोक्यावर घेतली होती. "माजी चांदणी! जित्ती हाय!" अनुसयाबाई मोठ्याने म्हणाल्या, आणि आता त्यांना रडू आलं.

भाऊसाहेबांनी फोनवर बिल्ल्याचा नंबर विचारला. तोच नंबर निघाला. भाऊसाहेबांचा चेहरा गंभीर झाला.

"एका नंबरच्या दोन म्हशी असू शकत नाहीत. एक खरी, ती इथे आहे. दुसरीचा बिल्ला खोटा." त्यांनी फोनवरच हुकूम दिला, "ते जनावर बेवारस आहे. कोंडवाड्यात आणून घाला."

वस्तीवरच्या दोघांनी दावं धरून चांदणीला लंगडत लंगडत गावात आणलं, तेव्हा पाच वाजून गेले होते. ग्रामपंचायतीच्या मागेच कोंडवाडा. चार भिंती, वर पत्रा, पुढे फाटक. फाटकावर कोतवाल वही घेऊन बसला होता. बाई धावत गेल्या. चांदणीची कास टच्च फुगली होती आणि मागचे पाय फाकवून ती कण्हत होती. बाईंना बघताच तिने मान वर केली आणि घशातल्या घशात आवाज काढला.

"सोड रं मला आत," बाई म्हणाल्या. "थान जाईल तिचं."

"मालकाशिवाय आत सोडता येत न्हाई, मावशी. आन् ह्या जनावराला मालक न्हाई."

"मी न्हाई का?"

"तुमची म्हस गाडीत हाय."

भाऊसाहेब आले. माणूस तसा न्यायाला धरून होता. ते म्हणाले, "बाईंचं म्हणणं काय, की ही त्यांच्याच हाताला दूध देते. ठीक. परीक्षा घेऊ. परंतु आधी मूळ म्हशीवर खात्री झाली पाहिजे."

म्हणून सगळे पुन्हा पिकअपपाशी गेले. अनुसयाबाई पाय ओढत, मागे वळून वळून कोंडवाड्याकडे बघत गेल्या. संपतने किल्ली फिरवली. पडदा उजळला.

पडद्यात चांदणी उभी होती. तिच्या कासेशी अनुसयाबाई बसल्या होत्या. तीच हिरवी साडी, तसाच कमरेला खोचलेला पदर. दोन्ही हातांनी त्या धार काढत होत्या आणि बादलीत फेस वर येत होता.

"वा," संपत म्हणाला. "मावशी लागल्या पण कामाला!"

सगळ्यांनी पडद्यासमोर उभ्या असलेल्या अनुसयाबाईंकडे बघितलं. घरात कोणी परकं शिरलं की बघतात तसं.

"मग ह्या कोण?" शेजारणीने विचारलं. तीस वर्षं ती बाईंच्या ताकावर कढी करत आली होती.

भाऊसाहेबांनी भिंग काढलं, पडद्यातल्या बाईंच्या मनगटावरचं गोंदण बघितलं, समोरच्या बाईंच्या मनगटावरचं बघितलं, आणि दोन्ही जुळताच त्यांची उरलीसुरली शंका फिटली.

"आपण कुठल्या, बाई?" त्यांनी अदबीने विचारलं.

अनुसयाबाईंनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ह्याच अंगणात त्या नवरी होऊन आल्या होत्या, ह्या शेजारणीचं बाळंतपण त्यांनी केलं होतं, ह्या संपतला गोवर निघाला तेव्हा चांदणीच्या आजीचं दूध त्याला पाजलं होतं. पण साडेपाच होत आले होते.

"मी कुटलीच न्हाई," त्या म्हणाल्या. "मला मालक न्हाई, घर न्हाई. मी बेवारस हाय. तुमच्यात बेवारसाला कुटं घालत्यात?"

भाऊसाहेबांनी विचार केला. नियम स्पष्ट होता.

"कोंडवाड्यात."

"मग चला लवकर."

घरातून बादली घ्यायला त्यांना परवानगी मिळाली नाही, कारण घर अनुसयाबाईंचं होतं. गोठ्यातलं रेडकू दोन माणसांनी ओढत आणून पडद्यासमोर धरलं, आईला बघून त्याला बरं वाटावं म्हणून. रेडकाने काचेला एकदा नाक लावलं, शिंकलं, हिसडा देऊन दावं तोडलं आणि कोंडवाड्याकडे सुसाट सुटलं. एवढ्या मोठ्या जमावात त्या दिवशी अक्कल त्याच्याकडेच निघाली.

कोतवालाने वहीत लिहिलं: म्हैस एक, रेडकू एक, बाई एक. रंगाच्या रकान्यात तिघांचा रंग लिहिला.

आत बाईंनी कोपऱ्यातलं पाणी पाजायचं घमेलं पालथं केलं आणि पदराने पुसून घेतलं. चांदणीच्या पाठीवर थाप मारली, रेडकाला एका थानाला लावलं आणि खाली बसल्या. पहिली धार सुटेना. "आले गं बाय, आले," त्या म्हणत राहिल्या, आणि मग पान्हा सुटला. घमेल्याच्या पत्र्यावर धार वाजायला लागली. चारही थानं शाबूत होती. बाईंनी कपाळ चांदणीच्या कुशीला टेकवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं.

बाहेर अंगणात लोक पडद्यातली बादली भरताना बघत होते. फेस केवढा, धार केवढी, असं कौतुक चाललं होतं. चहाची वेळ झाली होती. ग्रामपंचायतीचा शिपाई किटली घेऊन केबिनपाशी गेला, काचेसमोर किटली धरून बराच वेळ उभा राहिला, मग कोंडवाड्याच्या फाटकाशी आला.

"ओ बाई," तो हळूच म्हणाला, "भाऊसाहेबांच्या चहापुरतं दूध द्या की जरा."

"बेवारस दूध भाऊसाहेबांला चालंल का?" बाईंनी वर न बघता विचारलं. "न्हाई चालायचं. त्यांला म्हणावं, अनुसयाबाईंकडं मागा. लई द्यायची सवय हाय तिला. बादली भरलीया तिची."

शिपाई परत गेला. थोड्या वेळाने अंगणात कोऱ्या चहाचे कप फिरले. सगळ्यांनी पडद्याकडे बघत चहा घेतला आणि दूध घट्ट आहे असं एकमेकांना सांगितलं.

कोंडवाड्याच्या फाटकाला आतून कडी नव्हती. अनुसयाबाईंनी रेडकाच्या गळ्यातलं तुटलेलं दावं घेतलं आणि फाटक आतून बांधून टाकलं.