बोटाला कळावं, कानाला नाही

गर्गेकाकांच्या हातात चपटं असं काही देऊ नये. कंगवा द्या, श्रीखंडाच्या डब्याचं झाकण द्या, काही द्या. काका ती वस्तू अंगठा आणि तर्जनीत धरतात, जराशी वाकवतात, कानाशी नेऊन सोडतात आणि डोळे मिटून ऐकतात. मग डोळे उघडून विचारतात, "हे तुम्हाला लागणार आहे का?" माझ्या मुलीच्या, मृणालच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी वर गेले होते, तेव्हा मुहूर्त कधीचा, कार्यालय कुठलं, यातलं काहीएक न विचारता ते म्हणाले, "कागद जाड आहे, पण स्वभावाने भित्रा." मी अक्षता परत घेऊन खाली येणार होते, पण नलूकाकूंनी हाताला धरून बसवलं.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले, आणि संध्याकाळी गिटार वाजवली. पंचवटीत आवाजाचं कुणाला काही वाटत नाही. घंटा, शंख, भोंगे, भाजीवाले, रिक्षांचे हॉर्न, सगळं चालतं. पण गिटार म्हटलं की माणसं थबकून वर बघतात, जणू कुणी गॅलरीत घोडा बांधलाय. काकांनी त्याची कधी पर्वा केली नाही. दिवेलागण झाली की वरून जुन्या गाण्यांचे सूर येणार, हे आम्ही इतकी वर्षं गृहीतच धरलेलं.

गिटारची तार छेडायला नखापेक्षा जरा मोठी अशी तिकोनी चकती असते, तिला पिक म्हणतात. सतारीला नखी, तसं हे. काकांचं अर्धं आयुष्य एकाच पिकवर निघालं होतं. पण गेल्या दिवाळीनंतर त्यांना अचानक त्या पिकचा वीट आला. तार छेडताना सुराच्या आधी एक बारीकसा 'टक' असा आवाज होतो, तो त्यांना घालवायचा होता. सूर राहिला पाहिजे, टक गेली पाहिजे. का, म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाले, "माझा एक श्रोता तुटायला आलाय, सुलभा. तो मला जाऊ द्यायचा नाहीये."

हा श्रोता कोण, यावर बिल्डिंगमध्ये बराच खल झाला. मला वाटलं, आमचे हेच. कारण काकांचं वादन सुरू झालं की हे टीव्हीचा आवाज वाढवतात. मी यांना तसं बोलूनही दाखवलं. त्यावर हे म्हणाले, मी श्रोता कधी होतो?

बाजारात मिळतील तेवढ्या पिका काकांनी आणून पाहिल्या. पिक बघायची म्हणजे तिचा 'स्वभाव बघायचा', हा त्यांचा शब्द. नायलॉनची पिक होयबा निघाली, दाबली की वाकते आणि स्वतःचं काही म्हणणं नाही. जाड प्लॅस्टिकची हेडक्लार्क. काम नंतर, टकटक आधी. त्यांचं एक वाक्य तर आमच्या घरातल्या मोलकरणीलाही पाठ झालं होतं : "पिक बोटाला कळावी, कानाला कळता कामा नये."

बाजार संपला, तेव्हा काका आमच्या घरांकडे वळले. माझं मुदत संपलेलं एटीएम कार्ड गेलं. यांच्या गुडघ्याचा एक्स-रे गेला; तो फरफरतो म्हणून परत आला, पण त्रिकोण कापून, त्यामुळे नेमका दुखरा भाग नाहीसा झाला. पिंपळगावला कुणाकडे तरी द्राक्षं भरायच्या पारदर्शक डब्या असतात असं कळल्यावर काका एसटीने तिकडे गेले. रिकामी डबी द्यायला तो माणूस तयार होईना, म्हणून भरलेली घेतली आणि येताना बसमध्ये ती आंबट द्राक्षं एकट्याने संपवली. दोन दिवस पोट धरून होते. डबीचा स्वभावही आंबटच निघाला म्हणे. शेवटी त्यांनी नोकरीतला गुण्या कापला. तो गुण्या त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. तेव्हा मात्र मला कळलं, की हा नुसता नाद नाही, हा माणूस इरेला पेटलाय.

मग करवंट्यांचं प्रकरण झालं. सरोद वाजवणारे तार छेडायला नारळाच्या करवंटीचा तुकडा, म्हणजे जवा, वापरतात, असं कुठूनसं काकांना कळलं. झालं. सकाळी उठून रामकुंडाकडे. नारळवालीला जुन्या, पक्क्या, काळ्या करवंट्या मागितल्या. तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या घरचा गॅस संपला असावा. "काका, घेऊन जा, पैसं नको, चूल पेटल तुमची," म्हणून तिने पोतंभर करवंट्या रिक्षात घालून दिल्या. पुढे आठवडाभर काका गच्चीवर बसून त्या कानशीने घासत होते. आणि त्याच गच्चीवर माझ्या कुरडया वाळत होत्या.

कुरडयांवर तपकिरी भुकटी बसलेली पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. गहू तीन दिवस भिजवायचा, चीक काढायचा, उन्हात ढवळत बसायचं, आणि वर यांच्या करवंटीचा भुगा! मी काकांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका उलटून बोलतील अशी माझी तयारी होती, कारण एरवी ते कुणाचं ऐकून घेणारे नव्हेत. पण ते हातातली कानस खाली ठेवून नुसते बसले. म्हणाले, "तुझ्या कुरडया गेल्या आणि माझंही काम झालं नाही. सूर गोल आला, पण टक तशीच. खडा मारल्यासारखी लागते तिला."

तिला म्हणजे कुणाला, असं मी विचारलं, आणि मग काकांनी सांगितलं.

नलूकाकूंना गेली काही वर्षं कमी ऐकू येतं. दिवाळीत त्यांच्या मुलाने त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. डॉक्टरांनी बजावलं, मशीन दिवसभर कानात राहिलं पाहिजे. काढून ठेवलंत तर कान आळसावतात, आज सूर गेला तर उद्या शब्द सुटतील. काकूंनी मशीन लावलं. त्यांना फोडणीची चुरचुर ऐकू आली, चिमण्या ऐकू आल्या, बेल ऐकू आली. पण मशीन बारीक, टोकदार आवाज जास्तच मोठे करतं. वाटी पडली की काकू दचकत. आणि गिटारची ती टक.

"पहिल्या दिवसापासून ती नेहमीच्या खुर्चीत बसायची, मान डोलवायची," काका म्हणाले. "मी खूश होतो. एकदा मधेच माझी तार तुटली. मी थांबलो, सुलभा, आणि ती मान डोलवतच होती."

काका कुरडयांवरचा भुगा फुंकरीने उडवायला लागले. मीही त्यांच्याबरोबर फुंकत बसले. त्या कुरडया आम्ही नंतर तळून खाल्ल्या, जरा खोबऱ्याची चव होती.

काकूंना मी यातलं काही विचारणार नव्हते. पण पुढच्याच आठवड्यात गवार मोडता मोडता त्यांनी आपणहून सांगितलं, की हे वाजवायला बसले की मी मशीन काढून कुंकवाच्या डबीत ठेवते, पण त्यांना कळू देऊ नकोस, त्यांना वाटतं मी ऐकतेय. आता काय करावं? वरच्या मजल्यावर दोन माणसं एकमेकांना फसवत होती, दोघांसाठीही मला गप्प राहायचं होतं, आणि मला तर साधं भिशीतलं गुपितही पोटात राहत नाही.

या काकूंचा कान एके काळी काय होता, ते सांगायला हवं. त्या गाणं शिकल्या नव्हत्या. पण काकांची तार जराशी उतरली, की पोळी लाटता लाटता स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, दुसरी उतरलीये." काका चिडायचे. सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं भांडण व्हायचं, की वाजवणारा मी की तू. आणि भांडण संपलं की मुकाट्याने दुसरी तार चढवायचे. ते ओरडणं कधी बंद झालं, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. काकांच्या आलं होतं.

तेव्हापासून मीही या कामाला जुंपले गेले. घरात चपटं काही सापडलं की वर पोचवायचं. बाहेरून आणलेल्या बिर्याणीच्या डब्याचं झाकण, नातेवाइकांनी दिलेली फोटो फ्रेमची फिल्म, लोकरीच्या स्वेटरचं मोठं बटण. काही जमेना. एकदा वैतागून मी बोलून गेले, "काका, आता एक चपलेनं वाजवायचं राहिलंय."

काकांनी झटकन मान वर केली. मला वाटलं, दुखावले. पण ते माझ्याकडे असे बघत होते, जसं मी त्यांना धरणाचा अख्खा नकाशा काढून दिला. "कातडं," ते म्हणाले. "कातड्याला टक कुठून येणार?" मग स्वतःच हिरमुसले. घरात दसऱ्याला ज्या वाद्याची पूजा करायची, त्याला चप्पल लावायची? थोडा वेळ येरझाऱ्या घातल्या आणि स्वतःच निकाल दिला. तबल्यावर काय असतं? मृदंगावर काय असतं? देवापुढे वाजतात ना? मग झालं तर.

यांची एक जुनी कोल्हापुरी होती. तिला दोन्ही बाजूंना कातड्याचे छोटे कान असतात, तशी. मी म्हटलं, उद्या दाराबाहेर काढून ठेवते, तुम्ही सकाळी तिचा एक कान कापून न्या. पायातली असली तरी हरकत नाही, काका म्हणाले, धुऊन घेईन.

आता नेमका अधिक महिना सुरू होता, आणि मृणालच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. जावयाला धोंड्याचं जेवण, कपडे, चांदीचं निरांजन, सगळं साग्रसंगीत ठरलेलं. जावईबापू सकाळीच आले. आमच्या मोलकरणीने पाहुणे येणार म्हणून यांच्या फाटक्या चपला उचलून जिन्याखाली ठेवल्या होत्या, आणि त्या जागी जावईबापूंनी आपली कोरी करकरीत कोल्हापुरी काढली. पुढचं सांगायला नकोच. जेवणं झाली, ओवाळणं झालं, धोंडे पोटभर खाऊन जावईबापू जरा पडले, आणि दिवेलागणीला निघायला म्हणून दाराबाहेर गेले, तर उजव्या चपलेचा एक कान कापलेला. अगदी सरळ रेषेत, ड्राफ्ट्समनच्या हाताने.

जावईबापू सज्जन. म्हणाले, असू द्या आई, उंदराने खाल्ला असेल. मृणाल माझ्याकडे बघत होती. वर्षभर पै-पाहुण्यांत सांगितलं जाईल, की सासुरवाडीला अधिक महिन्यात जावयाची चप्पल कुरतडली गेली. मी ती चप्पल हातात घेतली आणि पैठणीसकट जिना चढून वर गेले. आज काकांना सोडायचं नाही, हे मी पक्कं ठरवलं होतं.

दार उघडंच होतं. काकू नेहमीच्या वेताच्या खुर्चीत, मांडीवर गवारीचं ताट. कानात मशीन होतं. शेजारी स्टुलावर कुंकवाची डबी, झाकण काढून तयार. समोर काका गिटार मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्यांच्या चिमटीत आमच्या जावयाच्या चपलेचा तिकोनी तुकडा होता. मी तोंड उघडलं, पण काकांनी मान न वळवता डावा हात जरासा वर केला. थांब, असा.

काकूंचा हात कानाकडे गेला. सवयीने. काका त्यांच्याकडे बघत नव्हते, मुद्दामच तारांकडे बघत होते. त्यांनी तार छेडली. मी खूप लक्ष देऊन ऐकत होते. टक आली नाही. नुसता सूर आला, ऊबदार, जरा जुनाट, आतल्या खोलीतून कुणी हाक मारावी तसा. काकूंचा हात कानापाशी थांबला. मग त्यांनी कानावरची बट मागे सारली आणि हात खाली गवारीत गेला.

काका वाजवत राहिले. काकू मान डोलवत नव्हत्या. भुवया जवळ आणून शेंगा मोडत होत्या, पूर्वी पोळ्या लाटताना असायच्या तशा. मला वाटलं, आवडलं नाही वाटतं. काकांचा अंगठा कातड्यावर इतका घट्ट दाबला गेला होता, की नख पांढरं पडलं होतं.

आणि काकू मान वर न करता म्हणाल्या, "अहो, दुसरी उतरलीये."

काका थांबले. खाली वाकून खुंटीला हात लावला, पण ती फिरवली नाही. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. तसेच वाकून म्हणाले, "कितवी?"

"दुसरी हो," काकू म्हणाल्या. "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"नाही येत," काका म्हणाले. "पुन्हा सांग."

मी चप्पल पदराखाली घेतली आणि पाय न वाजवता जिना उतरून खाली आले.