चेअरमनसाहेबांची रुंदी

टचिंगवाल्यांनी नवा मॉनिटर घेतला तो दुकानदाराचा पाणउतारा करूनच. मॉनिटर चांगला सपाट, रुंद आणि खिशाला परवडणारा होता. दुकानदार बिचारा म्हणाला, "घरी येऊन सेटिंग करून देतो. फुकट."

"वीस वर्षं फोटोंचं टचिंग करतोय मी," टचिंगवाले म्हणाले. "मला सेटिंग शिकवता?"

घरातल्या कोपऱ्यातल्या खोलीला ते 'ऑफिस' म्हणत. तिथला पेटाऱ्याएवढा जुना मॉनिटर त्यांनी हलवला, नवा मांडला आणि कॉम्प्युटरचं जुनं सेटिंग तसंच ठेवून बटण दाबलं. जुना पडदा होता जवळजवळ चौकोनी, नवा लांबरुंद. त्यामुळे प्रत्येक चित्र दोन्ही बाजूंनी ताणलं गेलं. हे कुणाच्याही ध्यानात आलं असतं. टचिंगवाल्यांच्या आलं नाही, कारण त्यांना सगळं आधीच कळलेलं असायचं.

"अहो, माणसं जाड दिसतायत," बायको म्हणाली.

"दिसत नाहीत, आहेतच! इतकी वर्षं ते डबडं आपल्याला फसवत होतं."

मग त्यांनी घरचा फोटो उघडला, दोघांचे गाल पाहिले आणि घरात साखर बंद केली. बायकोने त्यांना हाताला धरून आरशासमोर उभं केलं, तर म्हणाले, "आरसाही जुनाच आहे." आता अशा माणसापुढे कुणी किती डोकं फोडायचं!

त्याच आठवड्यात एका कंपनीच्या संचालकांचा फोटो टचिंगला आला. काम आवडलं तर कंपनीचं वर्षभराचं काम मिळणार होतं, आणि स्टुडिओतली नोकरी तावातावाने सोडल्यापासून टचिंगवाल्यांकडे दुसरं धड काम नव्हतं. फोटो उघडताच त्यांनी कपाळावर हात मारला.

"बापरे! एकेक संचालक बघ. हे असे छापले तर काम गेलंच."

"त्यांच्या मागचं घड्याळ बघा ना," बायको म्हणाली. "आडव्या अंड्यासारखं झालंय."

"मोठ्या लोकांकडे असलीच घड्याळं असतात. तुला काय कळतंय!"

दोन दिवस खपून त्यांनी एकेकाचं पोट आत घेतलं, दंड उतरवले, हनुवट्या सोडवल्या. एकट्या चेअरमनसाहेबांवर अख्खी दुपार गेली. पडद्यावर सगळे निदान चारचौघांतल्या जाड माणसांएवढे दिसायला लागले, तेव्हा कुठे फोटो छपाईला गेला.

तिसऱ्या दिवशी खुद्द चेअरमनसाहेबांनी बोलावून घेतलं. साहेब खुर्चीत मावत नव्हते, आणि त्यांच्या हातातल्या छापील फोटोत त्यांच्याच कोटात एक सडपातळ माणूस उभा होता. दुसऱ्या कुणीही एकदा फोटोकडे आणि एकदा साहेबांकडे पाहिलं असतं. टचिंगवाल्यांनी फक्त कौतुकाकडे कान दिले.

"टचिंगवाले, तीस वर्षांत मी असा कुणाला दिसलो नाही हो!" साहेब फोटोवरून हात फिरवत म्हणाले.

"सगळी मॉनिटरची कमाल, साहेब. जे आहे तेच दाखवतो."

"मग माझ्या टेबलावरही तोच पाहिजे. सेटिंग तुम्हीच करा, अगदी तुमच्यासारखं. सोमवारी बैठकीत सगळ्यांना फोटो दाखवू आणि तिथेच तुमच्या करारावर सही करून टाकू."

सोमवारी निघताना बायको म्हणाली, "अहो, त्या दुकानदाराला एक फोन तरी करा."

"त्याला? म्हणजे आता मी त्याची शिकवणी लावू?"

बैठकीत टचिंगवाल्यांनी नवा मॉनिटर मांडला आणि घरचं सेटिंग जसंच्या तसं केलं. सगळे संचालक टेबलाभोवती गोळा झाले. साहेबांनी पेन उघडून करार पुढ्यात ओढला. टचिंगवाल्यांनी फोटो उघडला.

दोन दिवस खपून बारीक केलेली माणसं बाजूंनी ताणली गेली आणि बरोबर आपापल्या मूळ आकाराला आली. पडद्याच्या मधोमध साहेब होते, खुर्चीतल्या साहेबांएवढेच ऐसपैस. मागच्या बाजूने एक संचालक न राहवून म्हणाले, "हा मात्र अगदी हुबेहूब आलाय हं!"

कुणीतरी खोकल्याच्या आड हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

"बघा साहेब," टचिंगवाले छाती काढून म्हणाले, "सांगितलं होतं ना? जे आहे तेच!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, करार खणात टाकला आणि खण बंद केला.

"साहेब," टचिंगवाल्यांनी हसून आठवण केली, "सही राहिली."