दोन वाटांचा इलेक्ट्रॉन आणि एकच रकाना

एका जंगलात वाघ होता, सिंह होता, पण बाळांनो, राज्य चालवायची नोंदवही. वाघसुद्धा शिकारीला जाताना तिच्यात वेळ लिहून जायचा.

त्याच जंगलात खारूताई राहायची. तिनं पाच वर्षं खपून कार्बनची एक नळी केली होती, केसाहून कितीतरी बारीक. नळी मध्येच दुभंगायची आणि पुढे पुन्हा एक व्हायची. तिच्यातून इलेक्ट्रॉन धावत आणि टोकाचा दिवा पेटता ठेवत. दिव्याखाली टिटवीची चार अंडी होती. टिटवीचा पंख मोडला होता आणि थंडी कडक होती. अंड्यांना तेवढीच काय ती ऊब.

इलेक्ट्रॉन हा अजब जीव. वाट फुटली की एकच इलेक्ट्रॉन लाटेसारखा दोन्हीकडून जातो आणि पुढे स्वतःलाच भेटतो. त्या दोन लाटा नीट जुळल्या, तर तो बिनबोभाट पलीकडे पोचतो. खारूताईनं त्या अशा जुळवल्या होत्या, की एकही वाया जात नसे. अट एकच. वाटेत अडवून, कुठून चाललास म्हणून विचारायचं नाही.

एके दिवशी तरसराव तपासणीला आले. त्यांनी नोंदवही उघडली.

"इलेक्ट्रॉन डावीकडून जातो की उजवीकडून?"

"दोन्हीकडून, साहेब," खारूताई म्हणाली.

"एकाच वेळी?"

"हो."

"बाई, सव्वीस वर्षं नोकरी झाली माझी. एकाच वेळी दोन ठिकाणी हजर असलेले मी फक्त आमच्या हजेरीपटावर पाहिलेत. त्यांचीही चौकशी चालू आहे."

"पण दिवा लागतोय ना, साहेब?"

"दिव्याला रकाना नाही. डाव्या-उजव्याला आहे."

तरसरावांनी दोन्ही वाटांवर एकेक बेडूक बसवला. बेडूक प्रत्येक इलेक्ट्रॉनला अडवून नोंद करू लागले. विचारल्यावर बिचारा एकाच वाटेचा होई. मग लाटा जुळणार कशा? निम्मे इलेक्ट्रॉन आल्या वाटेनं परत फिरू लागले. दिवा मंदावला.

टिटवी धावत आली. "तरसकाका, पोरं गारठतील हो माझी. बेडकांना उठवा ना."

"आत्ता कुठे नोंदी नीट व्हायला लागल्यात, ताई. पंधरा दिवस धीर धरा."

"निदान त्यांना डोळे तरी मिटायला सांगा," खारूताई म्हणाली.

"डोळे मिटण्याचा अधिकार फक्त वरिष्ठांना आहे."

चार दिवस टिटवी मोडका पंख पसरून अंड्यांवर बसून राहिली. पाचव्या दिवशी ती उठली. अंडी दगडासारखी गार पडली होती. मला याचा फार राग येतो, बाळांनो, पण गोष्ट सांगणाऱ्यानं रागवायचं नसतं म्हणे.

तरसरावांनी अहवाल दिला: 'प्रत्येक इलेक्ट्रॉनचा मार्ग निश्चित. अंडी चार, चारही जागेवर.' त्यांना बढती मिळाली. खारूताईला नोटीस आली, की निम्मे इलेक्ट्रॉन परत का गेले याचा सात दिवसांत खुलासा करावा.

तात्पर्य: बाळांनो, एखादं काम सुरळीत चाललेलं दिसलं, की ते कुठल्या वाटेनं चालतं हे विचारल्याशिवाय राहू नका. काम बंद पडेल, पण उत्तर लेखी मिळेल. आणि अंडी काय, टिटव्या पुढच्या वर्षीही घालतात.