झाडू कोणत्या घड्याळानं?

अण्णाजींच्या घरी झाडू मारायचा तर आधी बसचं टाइमटेबल पाहावं लागे.

घरून माणूस परगावी निघालं, का ते पोचेपर्यंत घर झाडू नये म्हणतात. सक्करदऱ्यात बाकीचे लोक रिक्षा कोपऱ्यावरून वळली का झाडू घेतात. अण्णाजी नाही. त्याईच्या बायकोचा भाऊ कामठीले निघाला तरी मी झाडू धरून उभी. "पोचू तर दे वं!" म्हणे. कामठीले काय वेळ लागते? तर, "बस पंक्चर झाली असंन तर?"

मले चार घरची कामं. नवरा मेला तेव्हा पोट्टं कडेवर होतं, तेव्हापासून लोकाईची भांडी घासूनच राहिली मी. अण्णाजी रिटायर झालेले, बायको नाही. त्याईले वेळच वेळ.

मंग त्याईच्या शालूचं लग्न झालं, अन् पोट्टी नवऱ्याकडं न्यूयार्कले निघाली. मुंबईहून विमान. झालं! दिसंन त्याले इचारत, "मुंबई ते न्यूयार्क किती लांब? विमानाले किती वेळ?" शेजारचे मास्तर म्हणे, दिवसभराच्या वर लागते, मधात लंडनले थांबते. जावई सांगून गेला होता, सकाळी निघालं तर त्याच संध्याकाळी पोचते.

"येवढं लांब, अन् संध्याकाळी?"

"तिकडचं घड्याळ मांगं असते, अण्णाजी," मास्तर म्हणे.

"असंन मांगं! मंग माह्या घरात झाडू कोणत्या घड्याळानं मारू?"

मास्तर आपलं घड्याळ पाहात घरी गेले.

शेवटी ठरलं, तार येईन तवाच झाडू. एक दिवस गेला, दुसरा गेला. घरभर निंबाचा पाला. शालूले बांधून देल्लेल्या चिवड्याचे दाणे सांडले, त्याले मुंग्या. पायाखाली कचकच. मी म्हटलं, "अण्णाजी, येवढ्यात पोट्टी पायी पोचली असती!"

"पायी गेली असती तर येवढा घोर नसता," म्हणे. "पायी जाणारं माणूस खाली तरी असते वं."

आभाळात विमान वाजलं का ताटावरून उठून अंगणात. "अण्णाजी, थे दिल्लीचं असंन. जेवा ना!" ऐकतील तर ना. मान वर, हात उष्टा.

तिसऱ्या दिवशी तार आली. पोचली म्हणून. अण्णाजीनं तीनदा वाचली, मंग खुर्चीवर पाय वर घेऊन बसले अन् म्हणे, "मार आता." टोपलंभर कचरा निघाला. माही पाठ मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाते, तर वरांड्यात भुईमुगाच्या शेंगांची फोलपटं! माहं डोकंच फिरलं. "काल मी गेल्यावर खाल्ल्या ना तुमी? शालू तं पोचली. आता काहून नाही झाडलं?"

"तू निघाली होती ना," म्हणे. "तू घरी पोचली का नाही, मले काय समजते? मास्तराले इचारलं, तर त्याले न्यूयार्क मालूम, तुहं घर नाही मालूम."

मी खाली बसली. फोलपटं भरली. नवरा गेल्यापासून येवढी चालली मी, पण मी पोचली का म्हणून कोणी कधी थांबलं नव्हतं.

त्या दिवशी काम आटपून निघाली, अन् फाटकातून ओरडली, "अण्णाजी, पायी अर्धा तास! मंग झाडजा!"