आप्पांचा आवाज आणि भाजीची सुरी

जावईबापूंनी लॅपटॉपचा पंखा साफ करायचं मनावर घेतलं आणि तिथूनच सगळं बिघडलं. खरं तर पंख्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तो घरघरायचा, पण घरघरत का होईना, फिरायचा. आणि फिरणाऱ्या वस्तूच्या वाटेला शहाण्या माणसानं जाऊ नये. पण बायको शाळेच्या प्रशिक्षणाला परगावी गेलेली, बाहेर रविवार, आणि जावईबापूंच्या अंगात अधूनमधून संचारणारी ती कर्तबगारी. परत आल्यावर बायको कौतुकानं म्हणेल, "अहो, आवाज अगदी बंद झाला की," एवढ्या एका वाक्यासाठी ते खुर्चीतून उठले. (आवाज खरोखरच बंद झाला. तेच तर सांगायचंय.)

'जावईबापू' हे नाव सासऱ्यांनी दिलेलं. सासरे म्हणजे आप्पा. जन्मभर शिलाई मशीन दुरुस्त केलेला माणूस. बोलायचे कमी आणि समोरच्याच्या हातांकडे बघायचे. जावयाच्या हातांकडे तर जरा जास्तच वेळ बघायचे. त्यांच्यापुढे जावईबापूंना आयुष्यात एकच वाक्य बोलता आलं, ते म्हणजे "हो, आप्पा." आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा बायको रोज उशाशी बसून त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायची. दोरा का तुटतो, कुठल्या गिऱ्हाइकाशी भांडण झालं होतं, तिच्या आईला पहिल्यांदा कुठे पाहिलं, असं काहीबाही, आणि मधेमधे खोकला. आप्पा गेले, तो फोनही जुना होऊन गेला. आता आप्पा होते ते फक्त लॅपटॉपमध्ये. कपड्यांना इस्त्री करताना ती ते लावायची आणि मधूनच "हं" म्हणायची.

या बाबतीत जावईबापूंनी मोठी दूरदृष्टी दाखवली होती. लॅपटॉपमध्ये दोन ड्राइव्ह होते, एक थोरला आणि एक धाकटा. थोरल्यावरचे आप्पा त्यांनी स्वतः धाकट्यावरही उतरवून ठेवले होते. "एक गेला तरी दुसरा आहे," असं बायकोला छातीठोकपणे सांगितलंही होतं. दोघे राहतात एकाच घरात, ही बाब त्यांच्या नजरेतून सुटली.

आप्पांची हत्यारांची पेटी माळ्यावर होती. तीत पक्कड होती, तेलाची कुपी होती, सुया होत्या, नव्हता तो फक्त स्क्रू ड्रायव्हर. सगळं घर पालथं घातलं तरी मिळेना. मग जावईबापूंनी भाजीची सुरी घेतली. सुरीच्या टोकानं स्क्रू निघाले, झाकण निघालं आणि आतून 'कट्' असा आवाजही निघाला. त्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. पंख्याला नीट हात पोचावा म्हणून दोन्ही ड्राइव्ह बाहेर काढले. टेबलावर पसारा होता, म्हणून सपाट, स्वच्छ आणि भरपूर उजेडाची जागा त्यांनी शोधून काढली: न्हाणीघरातलं वॉशिंग मशीन. वर स्वच्छ नॅपकिन अंथरला, त्यावर ड्राइव्ह शेजारी शेजारी निजवले आणि ते पंख्यावर फुंकर मारायला गेले.

मशीन चालू होतं. इतका वेळ ते शांतपणे कपडे घुसळत होतं, आता पिळायला लागलं. धडधड ऐकून जावईबापू धावत पोचले तेव्हा नॅपकिन सरकत सरकत कडेला आला होता. थोरला फरशीवर आपटला. धाकटा साबणाच्या पाण्याच्या बादलीत गेला.

जावईबापूंनी धाकट्याला बाहेर काढलं, पुसलं आणि दुसरं काही न सुचून चिमटा लावून दोरीवर वाळत घातलं. एकीकडे मोजे, एकीकडे बनियन आणि मधे आप्पा. तेवढ्यात बायकोचा फोन आला. उद्या संध्याकाळी पोचते म्हणाली. आवाज थकलेला होता. "लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा हं. आल्या आल्या आप्पांना ऐकणार आहे, फार दिवस झाले." जावईबापूंनी दोरीकडे बघत "लावतो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते दुरुस्तीच्या दुकानात गेले. जिन्याखालचं दुकान, काउंटरमागे चष्मा लावलेल्या एक बाई. त्यांनी लॅपटॉप पाहिला, आत तुटलेली पट्टी पाहिली आणि तो बाजूला सारला. थोरला वायरीला जोडून कानाशी धरला. टक, टक, टक.

"याची आशा सोडा," बाई म्हणाल्या. मग धाकट्याला उचललं. "हा ओला कसा?"

"बादलीत पडला."

"आणि हा वळ कसला?"

"चिमट्याचा. दोरीवर घातला होता."

बाई हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "काळजी करू नका, बघते," एवढंच म्हणाल्या, आणि जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. ते वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसत. "काळजी करू नका, बघतो" हे वाक्य ते दिवसभर लोकांना ऐकवत, आणि त्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

दुपार टळली. बाकावर बसून जावईबापूंनी बायकोला कसं सांगायचं याच्या बऱ्याच तऱ्हा करून पाहिल्या, आणि प्रत्येकीत शेवटी तिचा चेहरा यायचा. ती ओरडणार नाही, हे त्यांना माहीत होतं. ती फक्त इस्त्री करायला उभी राहील आणि काही लावणार नाही. त्या कल्पनेनं त्यांना रडू यायला लागलं.

शेवटी बाईंनी हाक मारली. फाइली निघाल्या होत्या, पण नावं पुसली गेली होती. कुठली धड, कुठली खराब, ते ऐकूनच ठरवावं लागणार होतं. त्यांनी हेडफोन पुढे केला. आधी नुसती खरखर आली. मग एक खोकला. तो खोकला ऐकून जावईबापूंनी रुमाल डोळ्यांना लावला. ज्या माणसाला आयुष्यभर घाबरले, त्याचा खोकला इतका गोड लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. एकामागून एक फाइल धड निघत गेली. आणि मग एकीत आप्पा सावकाश म्हणाले, "पोरी, जावईबापू माणूस सोन्यासारखा आहे. पण त्यांच्या हाती स्क्रू ड्रायव्हर देऊ नकोस. माझ्या माघारी पेटीतला काढून लपवून ठेव."

जावईबापूंनी चटका बसल्यासारखा हेडफोन काढला.

"खराब आहे का? उडवू?" बाईंनी विचारलं.

उडवली असती तर कुणाला कळणार होतं? जावईबापूंनी इकडेतिकडे पाहिलं. आप्पा आपल्या हातांकडे बघताहेत असं त्यांना वाटलं. "नको," ते म्हणाले. "राहू दे."

संध्याकाळी बायको आली. टेबलावर उघडा लॅपटॉप बघून ती दारातच थबकली. जावईबापूंनी ततपप करत सगळं सांगितलं. फक्त सुरी तेवढी गाळली. तिचा चेहरा पांढरा पडला. "आप्पा?" एवढंच तिनं विचारलं. त्यांनी दुकानातून भरून आणलेला पेनड्राइव्ह खिशातून काढून टीव्हीला लावला आणि खोलीभर खोकला घुमला. ती मटकन खाली बसली. रडली, मग हसली, मग "हं" म्हणाली. जावईबापूंच्या जिवात जीव आला.

आणि मग ती फाइल लागली. जावईबापू फरशीकडे बघत उभे राहिले.

"पाठ आहे हे मला," बायको डोळे पुसत म्हणाली. "म्हणून तर स्क्रू ड्रायव्हर मी शाळेतल्या कपाटात ठेवलाय." मग तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. "अहो, पण मग तुम्ही ते उघडलंत कशानं?"

जावईबापूंना उत्तर द्यायची गरजच पडली नाही. दुकानात त्यांनी ती फाइल अर्ध्यातच सोडली होती. टीव्हीवर आप्पा बराच वेळ खोकले, घोटभर पाणी प्यायले आणि पुढे म्हणाले, "आणि पोरी, नुसता स्क्रू ड्रायव्हर लपवून भागायचं नाही. भाजीची सुरीही त्यांच्यापासून लांब ठेव."

जावईबापूंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हो, आप्पा."