काळा सूट आणि बारा खिशांचं जॅकेट

योजना माझी होती आणि योजनेत एकही चूक नव्हती! हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या बेलर्स रन गावात आता जो भेटेल तो विचारतो, "व्हर्जिल, तुला हे सुचलं तरी कसं?" सुचतं बाबांनो! डोकं असलं की सुचतं!

मी व्हर्जिल प्रुइट, वय एकाहत्तर. ओहायोतल्या या गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, आमच्या नेमबाजी क्लबची रेंज आहे. तिथली शिस्त माझ्याकडे. बंदूक कधी उचलायची, कधी खाली ठेवायची, हे मी ओरडून सांगायचं आणि बाकीच्यांनी निमूट ऐकायचं. चोवीस वर्षांत माझ्या रेंजवर कुणाला साधं खरचटलं नाही. पण लोक ते बघतात का? छे! लोक बघतात कपडे!

माझे कपडे म्हणजे एक हिरवट जॅकेट. बिनबाह्यांचं, बारा खिशांचं. आर्डिथ, माझी बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. ती होती तोवर रोज सकाळी पलंगावर शर्ट काढून ठेवलेला असायचा आणि मी तो मुकाट्यानं घालायचो. ती गेल्यावर पलंगावर काही दिसेना. मग मी हे जॅकेट आणलं आणि सगळा संसार त्यात कोंबला. चष्मा, फोन, रक्तदाबाचं औषध, स्क्रू-ड्रायव्हर, आणि डावीकडच्या तिसऱ्या खिशात नातीसाठी पेपरमिंट. चांगलं जड व्हायचं ते. खरं सांगू? घरात एकट्या माणसाला अंगावर काहीतरी वजन असलं की बरं वाटतं.

आतला टी-शर्ट मला माझ्या दोस्तानं, रॉस्कोनं, वाढदिवसाला दिलेला. त्यावर छापलंय, "आधी गोळी, मग चौकशी!" गंमत हो! क्लबात असल्या टी-शर्टाकडे कुणी मान वळवूनही बघत नाही.

शाळेत बघतात.

गेल्या सप्टेंबरात माझ्या नातीच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. हेझल तिचं नाव, सात वर्षांची आहे. दीड तास गाडी हाकत मी शहरात गेलो. हातात पिवळा फुगा, अंगात तेच जॅकेट आणि तोच टी-शर्ट. बंदूक नव्हती! बंदुका घरी तिजोरीत आणि किल्ली माझ्या गळ्यात असते. पण दारातल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शाळेत बंदूकवाला शिरल्याचा भोंगा वाजला. वर्गांची दारं बंद, दिवे बंद, पोरं टेबलांखाली. चाळीस मिनिटं! मला दोन पोलिसांनी भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि फुगा सुटून छताला जाऊन चिकटला.

संध्याकाळी माझ्या मुलीचा, मार्लाचा फोन आला. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही, आणि तेच वाईट होतं.

"बाबा, टेबलाखाली बसून हेझल बाईंना काय सांगत होती, माहितेय? म्हणे, माझे आजोबा बाहेर राहिलेत, त्यांना पण आत घ्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आईनं तुम्हाला तसं दाराबाहेर पाऊल टाकू दिलं असतं?"

"बंदूक नव्हती गं माझ्याकडे."

"लोकांना काय ठाऊक? लोकांना तुमचा टी-शर्ट दिसतो, बाबा. तो काय सांगतो ते तुम्हीच वाचा एकदा."

दर जुलैत हेझल आठवडाभर माझ्याकडे राहायला यायची. यंदाचं काही खरं नव्हतं. नऊ महिने मी विनवण्या केल्या. शेवटी जूनमध्ये मार्ला म्हणाली, "शनिवारी अकराला मी रेंजवर येते. तुम्ही कसे राहता, कुणात उठता-बसता, एकदा डोळ्यांनी बघते. मग ठरवू."

झालं! मी लगेच कामाला लागलो. कपड्यांनी घोळ घातलाय ना? मग कपडेच तो निस्तरतील! क्लबच्या अकरा जणांना फोन लावले.

"शनिवारी सगळ्यांनी सूट घालून यायचं. टायसकट!"

"सूट?" रॉस्को किंचाळला. रॉस्को म्हणजे सव्वाशे किलोचा गडी, आवाजही तेवढाच. "रेंजवर? लेका, लग्न करतोयस की काय या वयात?"

"मार्ला येतेय. हेझलला पाठवायचं की नाही, ते ती ठरवणार आहे."

पलीकडे पेन्सिल शोधल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "किती वाजता जमायचं?"

शनिवारी साडेआठला आम्ही नाक्यावरच्या हॉटेलात अंडी-बटाट्याचा नाश्ता करायला जमलो. मी दारातून आत गेलो आणि थबकलो. अकराच्या अकरा जण काळ्या सुटात! आमच्यासारख्या माणसांकडे सूट एकच असतो, आणि तो एकाच कामाला बाहेर निघतो. हे अकरा सूट मी शेवटचे एकत्र पाहिले ते तीन वर्षांपूर्वी चर्चमध्ये, आर्डिथच्या शवपेटीमागे. सगळ्यांना ते आठवलं असणार, कारण रॉस्कोसुद्धा हळू आवाजात कॉफी मागत होता. माझ्या अंगातही तोच सूट होता. खिशात हात घातला तर तिच्या अंत्यविधीच्या प्रार्थनेचा घडी केलेला कागद लागला. मी तो तिथंच राहू दिला.

पाऊस भुरभुरत होता. वायपर चालू तर गाडीचे दिवे चालू, हा आमच्याकडे कायदाच आहे. सगळ्यात पुढे क्लबातल्या लीलँडची लांबलचक काळी गाडी, कारण त्याला जोरात हाकता येत नाही, आणि मागे आम्ही, दिवे लावून, एका रांगेत. आणि काय सांगू! समोरून येणाऱ्या गाड्या बाजूला घेऊन लोक थांबत होते! एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर थांबवून चक्क टोपी काढली!

"बघितलंस?" मी शेजारी बसलेल्या रॉस्कोला कोपरानं ढोसलं. "याला म्हणतात कपड्यांचा मान! इतकी वर्षं आपल्याला कुणी विचारलं होतं?"

"खरंय रे," रॉस्को भारावून म्हणाला. "मी आता रोज सूट घालणार."

रेंजवर पोचलो. जॅकेट सवयीनं बरोबर आणलं होतं, पण आज ते मार्लाच्या नजरेला नको, म्हणून मी ते कडेच्या लाकडी खुर्चीच्या पाठीला अडकवलं आणि वर माझी टोपी ठेवली. मग झेंडा चढवायला घेतला, तर दोरी अडकली आणि झेंडा काठीच्या निम्म्यावरच राहिला.

"शिडी आणू?" लीलँडनं विचारलं.

"राहू दे, नंतर बघू! आधी तालीम!"

तालीम अशी, की मार्लाच्या डोळ्यांत आमची शिस्त भरली पाहिजे. एरवी जो तो आपापल्या सवडीनं बार काढतो. आज मात्र सगळे एका ओळीत, माझ्या हुकमाबरोबर, एकदम! कानांवर आवाज अडवणारे कप चढवले. मी ओरडलो. अकरा बंदुका एका दमात वाजल्या. पुन्हा ओरडलो, पुन्हा एकच आवाज. तिसऱ्यांदाही तसंच. टेकडी घुमली हो! माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात रॉस्को नाचायला लागला.

एक गोष्ट आमच्याकडे नवख्या पोरालासुद्धा पहिल्या दिवशी सांगतात, की रेंजवर गळ्याशी उघडा शर्ट घालायचा नाही. बंदुकीतून उडालेली रिकामी पुंगळी चुलीतल्या निखाऱ्यासारखी तापलेली असते. रॉस्कोच्या शर्टाचं वरचं बटण दहा वर्षांपूर्वीच लागायचं बंद झालं होतं, आणि शेजारच्याची पुंगळी नेमकी टायच्या मागून आत गेली! मी "थांबा!" म्हणून ओरडलो. सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या. रॉस्को छाती बडवत होता, शर्ट फाडत होता, "देवा, मला का, देवा!" म्हणून बोंबलत होता. शेवटी तो चिखलात लोळला. आम्ही सगळे त्याच्याभोवती गुडघे टेकून बसलो, कुणी त्याचे हात धरले, कुणी डोकं मांडीवर घेतलं. पुंगळी निघाली एकदाची. छातीवर बोटभर चट्टा उठला होता. मग बर्फ आणा, मलम शोधा, त्याची समजूत काढा, यात पाऊण तास गेला.

मान वर केली तर फाटकातून व्हॅनहॉर्नबाई येत होत्या.

या बाई रेंजसमोर राहतात. शहरातून आल्या आहेत. मोठ्या काचेच्या खिडकीत बसून आमच्यावर लक्ष ठेवतात आणि दर महिन्याला आमच्याविरुद्ध पंचायतीत अर्ज टाकतात. आज त्यांच्या हातात कागद नव्हता, तर भाजलेल्या चिकन-नूडल्सचं काचेचं भांडं होतं. बुडाला नावाची पट्टी चिकटवलेली, म्हणजे रिकामं झाल्यावर परत करता येतं. असं भांडं आमच्याकडे कधी येतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. आर्डिथ गेली तेव्हा चौदा आली होती.

"तुम्ही त्यांचे भाऊ का?" बाईंनी मला विचारलं.

"कुणाचा?"

"प्रुइटसाहेबांचे." त्यांनी खुर्चीवरच्या जॅकेटकडे आणि टोपीकडे पाहिलं. डोळे भरले होते त्यांचे. "मी खिडकीतून पाहिलं सगळं. अंत्ययात्रेच्या दिवे लावलेल्या गाड्या, अर्ध्यावर उतरवलेला झेंडा, सलामीचे तीन बार... आणि ते तुमचे मित्र, किती रडत होते हो! लष्करात होते ना प्रुइटसाहेब?"

"होते," मी म्हणालो. "म्हणजे... मी..."

"मी त्यांना फार घाबरायचे. रोज सकाळी ते जॅकेट दिसलं की मी दाराला आतून कडी लावायचे. पाच वर्षांत एकदाही बोलले नाही." त्यांनी भांडं माझ्या हातात दिलं. "आज वाटलं, बोलायला हवं होतं. एकटेच असायचे."

आता या बाईला काय सांगायचं? समोरची बाई तुमच्यासाठी रडतेय आणि तुम्ही तिला सांगायचं, की मी मेलेलो नाही? लाज वाटते हो!

"बाई," मी घसा खाकरून म्हटलं, "मीच प्रुइट. सूट घातलाय नुसता."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, जॅकेटकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अरे देवा! पण मी तर गावाच्या फेसबुक पानावर टाकलं! तासाभरापूर्वीच!"

फोन! फोन जॅकेटात, तोही तालमीसाठी आवाज बंद करून! भांडं रॉस्कोच्या हातात कोंबून मी खुर्चीकडे निघालो, तोच फाटकात करकचून ब्रेक लागला आणि मार्लाची गाडी उभी राहिली. दार उघडंच टाकून ती धावत आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. माझ्या अंगावरून पुढे निघून गेली ती! खुर्चीपाशी जाऊन तिनं ते जॅकेट दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि गुडघ्यांवर बसली.

"मार्ला," मी म्हटलं. "अगं, मी इकडे आहे."

ती वळली. नुसती बघत राहिली. मग उठली आणि मला अशी मिठी मारली, की माझा श्वास अडकला. आई गेल्यापासून तिनं मला अशी मिठी मारली नव्हती. आणि मग दोन्ही मुठींनी माझी छाती बडवायला लागली.

"सतरा फोन केले मी तुम्हाला! सतरा! पेट्रोल भरायला थांबले तिथं वाचलं मी. हेझलनं माझ्या खांद्यावरून वाचलं, बाबा!"

"हेझल?" मी गाडीकडे पाहिलं. "हेझल आलीय?"

"तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी कधीच ठरवलं होतं पाठवायचं." तिनं डोळे पुसले. "तिची बॅग डिकीत आहे. तीन दिवसांपासून भरून ठेवलीय तिनं."

म्हणजे ठरलंच होतं! सूट नको, तालीम नको, काही नको! मी त्या जॅकेटात आरामात खुर्चीत बसून राहिलो असतो, तरी माझी नात आज माझ्या घरी झोपली असती.

मी गाडीपाशी गेलो. हेझल मागच्या सीटवर कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. वाटेत दोनदा उलटी झाली होती तिला. गाल अजून ओले होते.

"हेझल, बघ, मी आहे की!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. काळा सूट, काळा टाय. तिनं हा सूट एकदाच पाहिलाय, आजीला नेलं त्या दिवशी. ती आणखी आत सरकली.

"आई, घरी जाऊ या," ती म्हणाली.

"अगं, आजोबा बरे आहेत. आपण राहायला आलोय ना?"

"नको. घरी."

मार्लानं दहा मिनिटं समजावलं. पोरगी थरथरत होती. शेवटी मीच म्हटलं, "ने तिला, मार्ला. नको आज."

"मी फोन करते, बाबा. तिला जरा सावरू दे. या उन्हाळ्यात जमेल असं नाही वाटत मला."

"हो, हो. काही घाई नाही," मी म्हणालो. खरं तर मला रस्त्यात आडवं पडावंसं वाटत होतं.

गाडी वळली. माझ्या समोरून जाताना मागची काच थोडी खाली आली आणि हेझलचं नाक दिसलं.

"आजोबा, तुमचं खिशांचं जॅकेट कुठंय?" तिनं विचारलं. "पेपरमिंटचं?"

मी दोन्ही हात सुटाच्या खिशात घातले. हाताला आर्डिथचा कागद लागला, दुसरं काही नव्हतं. "थांब हं, आणतो!" मी ओरडलो, पण काच वर गेली होती आणि गाडी वळणावर पोचली होती.

दुखऱ्या गुडघ्याची पर्वा न करता मी पळालो. जॅकेट मार्लानं खुर्चीवर नीट घडी घालून ठेवलं होतं. तिसऱ्या खिशातून मूठभर पेपरमिंट काढलं आणि तसाच रस्त्यावर आलो. रस्ता रिकामा होता. पाऊस पडतच होता. मूठ उघडी ठेवून मी तिथंच उभा राहिलो, उगाच, वळणाकडे बघत.

मघाचाच तो ट्रॅक्टरवाला शेतकरी परत येत होता. माझ्यापाशी येऊन त्यानं ट्रॅक्टर थांबवला आणि टोपी काढून छातीशी धरली.

"फार वाईट झालं हो," तो म्हणाला. "जवळचं होतं का कुणी?"

"हो," मी म्हणालो आणि त्याला एक पेपरमिंट दिलं.