नूडलचं वजन

मी मुलांच्या कामात नाक खुपसणारा बाप नाही, हे आधीच ठणकावून सांगतो! आमच्या काउंटीच्या जत्रेत मुलांनी वाढवलेल्या जनावरांचं प्रदर्शन भरतं आणि तिथं तसले बाप पोत्याने सापडतात. पोरगं आपलं डुक्कर धुतंय, आणि बाप दोरीपलीकडून ओरडतोय, "कानामागे घास! कानामागे!" मी तसला नाही. अख्ख्या नेब्रास्कात माझ्याइतका शांत बाप सापडायचा नाही.

माझी मुलगी ट्रूडी तेरा वर्षांची, आणि तिच्या डुकराचं नाव नूडल. जत्रेचा नियम सरळ आहे. डुकराचं वजन दोनशे तीस ते दोनशे नव्वद पौंडांत बसलं, तरच त्याला शेवटच्या दिवशीच्या लिलावात उभं राहता येतं. गेल्या वर्षी ट्रूडीचं डुक्कर तीन पौंड कमी भरलं! लिलावाला या म्हणून तिने गावातल्या बारा दुकानदारांना स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली होती. बाराही जण आले, आणि ट्रूडी डुक्कर गाडीत घालून घरी निघाली. वाटेत डोळ्यांतून टिपूसही नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

यंदा ऐन उन्हाळ्यात नूडलला खोकला झाला. जत्रेला महिना उरला आणि वजन एकशे पंच्याण्णव!

"बाबा, रोज दोन पौंड वाढणार. तीस दिवसांत साठ. म्हणजे दोनशे पंचावन्न," ट्रूडीने वही पुढे केली. ही वही प्रत्येक मुलाला ठेवावी लागते. खाणं, वजन, औषध, सगळं त्यात लिहायचं, आणि शेवटी परीक्षक ती तपासतात. "तू फक्त काही करू नकोस."

"मी कुठे काय करतोय?"

"तू कुंपणापाशी उभा राहून उसासे टाकतोस. नूडल घाबरतो."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात जाता जाता मी नूडलला डबाभर भिजवलेला मका टाकू लागलो. एकच डबा! वर थोडं दूध. याला ढवळाढवळ म्हणत नाहीत, याला माया म्हणतात.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे घ्यायला येणाऱ्याला खिळे मिळायचे आणि नूडलच्या तब्येतीची बातमी फुकट.

"म्हणजे पुन्हा गेल्या वर्षीसारखंच म्हण की!" शेजारचा व्हर्जिल म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. आमच्या गावात कुणी खांद्यावर थोपटलं की खरं तर घाबरायला हवं. तो माणूस मदत करणार असतो!

जत्रेचा पहिला दिवस उजाडला. ट्रूडी छोट्या काठीने नूडलला हाकत काट्यापाशी आली. मी दोरीपलीकडे डोळे मिटून उभा. काटा आर्लीनबाई सांभाळत होत्या. त्यांनी चष्मा नाकावर ओढला.

"दोनशे चौऱ्याण्णव!"

"किती कमी?" मी डोळे न उघडता विचारलं.

"कमी कुठलं, ड्वेन? चार पौंड जास्त! पुन्हा एकदाच तोलता येईल, तेही तासाभरात. मग काटा बंद."

ट्रूडीचा चेहरा पांढराफटक पडला. "असं कसं होईल? दोन आठवडे मी त्याला अर्धंच खाणं देतेय! फितीने मापते, तर तो फुगतोच आहे! मला वाटलं माझंच गणित चुकतंय. वही तीनदा पहिल्यापासून तपासली मी!"

आता मात्र मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"मी सकाळी... जरासा मका..." मी पुटपुटलो.

"तू मका घालत होतास?" माझी बायको डार्ला किंचाळली. "अरे, मग मी रोजचे उरलेले पॅनकेक कशाला नेऊन घातले?"

"पॅनकेक?" व्हर्जिल म्हणाला. "आणि माझं बादलीभर ताक?"

बेकरीवाली पर्ल हळूच मागे सरकू लागली.

"पर्ल!"

"शिळेच डोनट होते हो! ताजे नव्हते!"

पाद्रीबाबा पुढे झाले. "मी तर फक्त प्रार्थना केली."

"आणि?"

"आणि थोडी कणसं टाकली."

मग काय, सगळं गाव मदतीला धावलं, म्हणजे आणखी सत्यानाश झाला! "त्याला पळवा!" "उन्हात उभं करा!" ट्रूडी नूडलला घेऊन निघाली आणि मागून आम्ही वीस-पंचवीस जण, वऱ्हाड निघावं तसे. मी म्हटलं, निदान वाट तरी मोकळी करून देऊ, आणि पुढे धावत जाऊन एक फाटक उघडलं. ते नेमकं चर्चच्या बायकांच्या ॲपल पायच्या मंडपात उघडत होतं!

"खाऊ देऊ नका!" मंडपातल्यांसकट पन्नास माणसं एकदम ओरडली. तोवर नूडलने अर्धा ॲपल पाय गिळला होता.

"बस्स!" ट्रूडी ओरडली. माझी पोरगी इतक्या मोठ्याने ओरडू शकते हे मला ठाऊकच नव्हतं. "सगळे खाली बसा! बाबा, तू आधी!"

आम्ही बसलो. गवतावर, पाद्रीबाबांसकट. ट्रूडीने नूडलला सावकाश धुण्याच्या जागी नेलं, नळी हातात घेतली आणि त्याच्या पाठीवर गार पाणी सोडलं. मग शांतपणे वाट पाहिली.

"तू करतेयस काय?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"चार पौंड आणि वर तो ॲपल पाय, म्हणजे जेमतेम अडीच लिटर, बाबा. गार पाण्याने डुकरांना लघवीला होते. आता गप्प बस. तो लाजतो."

सगळं गाव माना उंचावून बघत होतं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आणि मग नूडलने जी धार सोडली! टाळ्या, शिट्ट्या, टोप्या हवेत! व्हर्जिलने तर मला मिठी मारली.

"दोनशे एकोणनव्वद!" नूडल पुन्हा काट्यावर चढला तशा आर्लीनबाई ओरडल्या.

शेवटच्या दिवशी लिलावात बाराही दुकानदार होते, शिवाय मका, ताक आणि डोनटवाले. सगळ्यांच्या मनाला अशी टोचणी लागलेली की वर गेलेले हात खाली येईनात! शेवटी पर्लने नूडलला घेतलं. ट्रूडीने त्याच्या कानामागे खाजवलं, आणि रिंगणाबाहेर आल्यावर ती माझ्या शर्टात तोंड खुपसून रडली. गेल्या वर्षीचंही रडून घेतलं असावं. मीही बाहीने डोळे पुसले, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी वह्यांचा निकाल लागला. ट्रूडीची पहिली आली! माझी छाती फुगली. परीक्षकांनी माईक घेतला आणि म्हणाले, "यातला एक भाग वाचून दाखवतो. प्रश्न असा आहे, 'या वर्षी आलेली सर्वांत मोठी अडचण कोणती?' मुलं लिहितात, पाऊस, रोगराई, माश्या. या मुलीने एकच शब्द लिहिलाय. 'बाबा.'"

अख्खी जत्रा माझ्याकडे वळली.

"पुढचा प्रश्न, 'उपाय काय केला?' उत्तर, 'खाली बसवलं.'"

पुढच्या जत्रेसाठी ट्रूडीने मेंढी पाळली आहे. मी तिच्या कामात अजिबात नाक खुपसत नाही. म्हणजे, खुपसताच येत नाही. कुंपणाजवळ जाण्याआधी पोरगी माझे खिसे तपासते!